मागे वजन पाहिजे

दर मे महिन्यात माझी कंबर धरते. नवीन डॉक्टर विचारतात, "कधीपासून आहे हे?" मी सांगतो, "सुकदेव आप्पांपासून." डॉक्टर चष्म्यावरून बघतात आणि बायको घाईघाईने खुलासा करते, "मोटारसायकलवर बसले होते हो एकदा." एकदा म्हणे! पण माझ्या आयुष्यातलं सगळं शौर्य तिच्या मते एका वाक्यात मावतं, आणि खरं सांगायचं तर तिचं माप फारसं चुकत नाही.

ऐंशीच्या दशकात मी सिल्वासाला मास्तर म्हणून गेलो. मूळचा रत्नागिरीकडचा. मराठी शाळेत भूगोल शिकवायचो. फळ्यावर सह्याद्री काढावा तर मीच, असं माझं मत होतं. डावीकडे कोकणपट्टी, मधे खडूचे फराटे मारून डोंगर, उजवीकडे देश. प्रत्यक्षात घाट लागला की मला एसटीच्या खिडकीची जागा लागायची, आणि ती निसर्गशोभेसाठी नाही. सिल्वासातल्याच डोकमर्डीला एका चाळीत आम्ही दोन खोल्या घेतल्या. शेजारच्या खोलीत सुकदेव आप्पा राहायचे.

आप्पा धुळ्याकडचे. सूत काढणाऱ्या एका कारखान्यात जॉबर, म्हणजे यंत्रांवरचे मुकादम होते. वय माझ्याएवढंच, लग्न केलेलं नाही, पण खानदेशातून कामाला आलेली सगळी मंडळी त्यांना आप्पा म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागलो. बुटका, रुंद माणूस. मिशी जाड, आवाज त्याहून जाड. यंत्रांच्या गोंगाटात बोलायची सवय असल्यामुळे ते गुपितसुद्धा ओरडून सांगायचे. चाळीत कोणाच्या घरी काय शिजतंय, कोणाचं कोणाशी बिनसलंय, हे आप्पांनी एका माणसाच्या कानात सांगितलं की खानवेलच्या बसमधल्या लोकांना कळायचं.

आणि त्यांची ती मोटारसायकल. काळी, जुनी, कोणाकडून तरी तिसऱ्या हाताने घेतलेली. आप्पा तिला 'म्हैस' म्हणायचे. सकाळी किक मारण्याआधी टाकीवर थाप मारून जिभेने "टॉक टॉक" करायचे. रविवारी दमणगंगेवर तिला धुवायला न्यायचे, आणि पलीकडे खऱ्या म्हशी धुणाऱ्यांशी दुधाच्या भावावर गप्पा मारायचे. म्हशीचा हॉर्न कधीच वाजला नाही. समोर गुरं, माणसं, हातगाडी, काहीही आलं की आप्पा "होऽ हो हो हो!" असं ओरडायचे, आणि सगळे बाजूला व्हायचे. उन्हाळ्यात दोन्ही खिशांत एकेक कांदा. लू लागत नाही म्हणे. त्यामुळे आप्पा आल्याचं आधी नाकाला कळायचं.

आप्पांना हवामानाचा अंदाज सांगायचा भारी नाद होता. अंगणात उभे राहून आभाळाकडे बघायचे, बोट ओलं करून वर धरायचे आणि जाहीर करायचे, "आज काही पाऊस नही!" हे ऐकलं की चाळीतल्या बायका वाळवणं आत घ्यायच्या. इतका खात्रीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. भूगोलाचा शिक्षक म्हणून मी एकदा त्यांना वाऱ्यांच्या दिशा समजावून सांगितल्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही म्हणता ते बराबर आहे, पण आज पाऊस नही." त्या दिवशी मीही छत्री घेतली नव्हती. दोघेही भिजलो.

मी एक घोडचूक केली होती. चाळीत नवा असताना, चार माणसांत आपलंही काही असावं म्हणून, "कॉलेजात असताना आम्ही मोटारसायकल दामटायचो" असं बोलून गेलो होतो. वस्तुस्थिती अशी की मित्राच्या उभ्या मोटारसायकलवर बसून मी फोटो काढला होता. तोही स्टँडवर असताना. फोटोत मात्र केस उडाले होते, कारण स्टुडिओवाल्याने पंखा लावला होता.

म्हणून एका मे महिन्यात आप्पा दारात येऊन, "मास्तर, आखाजीले मूळ घेऊन जायचंय, चालता का? रस्त्याला सोबत होईल," असं म्हणाले तेव्हा मला वाटलं, जाणकार माणूस म्हणून आपल्याला बोलावणं आलं.

आम्हा कोकण्यांना अक्षय्य तृतीया म्हणजे आंबा खायला सुरुवात करायचा दिवस. खानदेशात तीच आखाजी, आणि ती दिवाळीच्या वरताण. सासरी गेलेली प्रत्येक पोर त्या सणाला माहेरी येते. झाडाला झोके बांधतात, पोरी गाणी म्हणतात, पुरणाचे मांडे, आमरस, आणि गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. पण लेक आपली आपण येत नाही. माहेराहून कोणीतरी तिला न्यायला जावं लागतं. त्या बोलावण्याला म्हणायचं मूळ, आणि नेणारा तो मुऱ्हाळी.

आप्पांना एकच बहीण, धाकटी, इंदू. साक्रीच्या पलीकडे एका खेड्यात दिलेली. आईवडील गेले, गावातलं घर भावकीत गेलं, आणि आप्पा सिल्वासाला आले. त्यानंतरच्या पहिल्या आखाजीला नव्या कारखान्यात सुट्टी मिळेना म्हणून आप्पांनी गावाकडच्या एका माणसाबरोबर निरोप धाडला, बसने ये. इंदूचे सासरे दौलतबाबा म्हणाले, "मूळ आल्याशिवाय सून पाठवत नसतात." इंदू आखाजीचा आख्खा दिवस नवं लुगडं नेसून ओट्यावर बसून राहिली. गावच्या पोरी झोक्यावरून हाका मारत होत्या, ती उठली नाही.

हे सांगताना आप्पांचा आवाज पहिल्यांदाच साध्या माणसासारखा निघाला होता. "मास्तर, तिचं माहेर म्हणजे आता मीच. आन् माझी ही खोली. इंदी उघडी नही पडाले पाहिजे."

तेव्हापासून आप्पा दरसाल जायचे. दौलतबाबांचा नियम कडक होता. आखाजीच्या दोन दिवस आधी, दिवेलागणीच्या आत मूळ आलं तर सून जाणार. दिवा लागल्यावर आलं तर जेवून झोपा आणि सकाळी एकटे परत जा. एसटीचा भरवसा नाही, कारण त्या दिवसांत खानदेशातले सगळे भाऊ एकाच वेळी एसटीत चढलेले असतात. म्हणून म्हैस.

बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती. (तिला न्यायला कोणी मुऱ्हाळी आला नव्हता. तीन ट्रंका आणि दोन पोरं घेऊन ती एकटी गेली. तिला हे मी पुढे सांगितलं तेव्हा ती जे म्हणाली ते इथे लिहिता येत नाही.) मी शाळेत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "लांब पल्ल्याला निघालोय, मोटारसायकलने." ड्रिलच्या मास्तरांकडून काळा गॉगल आणला. त्यांच्याच एका नातेवाइकाचा जाडजूड चामडी कोट आणला. मे महिन्यात! पहाटे मी त्या वेषात बाहेर आलो तेव्हा आप्पांनी वरपासून खालपर्यंत बघितलं, कोट चिमटीत धरून पाहिला आणि खूष झाले.

"झ्याक. वजनदार शे."

"म्हणजे?"

"म्हैस मागून हलकी पडती ना, मास्तर. घाटात उडती. मागे वजन पाहिजे. दरसाल तांदळाचं पोतं बांधतो मी. पण औंदा म्हटलं, मास्तर रिकामेच आहेत."

असा मी निघालो. पोत्याच्या जागी.

खानवेलपर्यंत सागाच्या रानातून थंडगार वारा होता आणि मी वाऱ्यावर केस उडवत होतो. जव्हारला चहा प्यायलो. तिथे आप्पांनी बोट ओलं करून वर धरलं आणि म्हणाले, "आज काही पाऊस नही." मी तेव्हाच मागे फिरायला हवं होतं.

मोखाड्याच्या पुढे घाट लागला आणि आभाळ एकदम काळंकुट्ट झालं. धुळीचा लोट आला, पाठोपाठ वारा, त्यात सागाची वाळलेली पानं थपडा मारल्यासारखी तोंडावर बसायला लागली. समोर रस्त्यावर एक झाड आडवं. आप्पांनी म्हैस कडेच्या खडीतून काढली. मी डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे हे मला त्यांनी नंतर सांगितलं. मग पाऊस, आणि पावसाच्या मागोमाग गारा. टपोऱ्या, आवळ्याएवढ्या. टाकीवर ताशा वाजायला लागला. चामडी कोट पाणी पिऊन पिऊन दुप्पट झाला. "वजन वाढलं, मास्तर! बेस झालं!" आप्पा ओरडले, आणि पुढच्याच क्षणी "आय माय!" असं कळवळून त्यांनी ब्रेक दाबला. म्हैस घसरत घसरत दरीच्या विरुद्ध बाजूला, देवाची कृपा, डोंगराच्या अंगाला टेकली.

गार आप्पांच्या भुवईखाली लागली होती. बघता बघता एक डोळा सुजून बंद झाला आणि दुसऱ्यातून पाण्याची धार लागली. सबंध गाडीवर गॉगल एकच होता आणि तो मागे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर होता. हे माझ्या लक्षात आलं. आप्पांच्याही आलं असणार, पण ते ओला रुमाल डोळ्यावर दाबून खडकाच्या कडेला बसून राहिले.

गारा थांबल्या. रस्ता पांढरा झाला होता. मी म्हणालो, "आप्पा, जव्हारला परत जाऊ. दवाखान्यात दाखवू."

"परत गेलो तर ती ओट्यावर बसेल."

"पण तुम्हाला दिसत नाहीये."

"मले दिसत नही. तुम्हाले दिसतंय ना? तुम्ही कालेजात दामटायचे ना मास्तर?"

आली का पंचाईत! त्या वेळी खरं बोलून टाकावं असा विचार मनात आला. पण आप्पांनी तोंड वर केलं होतं, एक डोळा बंद, एक गळका, आणि त्या चेहऱ्याकडे बघून माझ्या तोंडून निघालं, "हो, पण बरीच वर्षं झाली."

"म्हैस आठवण करून देती," आप्पा म्हणाले आणि चाचपडत मागच्या सीटवर जाऊन बसले.

त्यानंतर नाशिकपर्यंतचा रस्ता मला विचारू नका. भूगोलाच्या पुस्तकात तो सरळ आहे. आप्पांनी मागून युक्ती काढली: खांद्यावर एक थाप म्हणजे गिअर बदला, दोन थापा म्हणजे ब्रेक. मी घाबरून गिअर आणि ब्रेक एकदम दाबायचो, मग म्हैस मान टाकायची आणि आप्पा म्हणायचे, "असू द्या. दूध देताना लाथ मारतीच ती." एका वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. हॉर्न नाही. मला "होऽ हो हो" करायची लाज वाटली. मी वर्गातल्यासारखा म्हणालो, "चला, बाजूला व्हा बरं!" एकही शेळी हलली नाही. पाठीमागून आप्पांनी आरोळी ठोकली तेव्हा शेळ्या पळाल्या, शेळीवाला पळाला, आणि दचकून मीही म्हशीसकट गटारापर्यंत गेलो.

नाशिकच्या पुढे आभाळ कोरडं ठणठणीत. सटाण्यापर्यंत ऊन असं की ओला कोट अंगावरच वाळला आणि त्यातून वाफा निघायला लागल्या. गरम वारा तोंडावर भट्टीच्या झाकणासारखा येत होता. आप्पा मागे गप्प झाले होते. मी घाबरून विचारायचो, "आप्पा, आहात ना?" "शे, शे," म्हणजे आहे, आहे, असं उत्तर यायचं. थोड्या वेळाने पुन्हा, "आप्पा?" "शे." पिंपळनेर मागे पडलं तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. आप्पांनी माझ्या खिशात हात घालून त्यांचा एक कांदा ठेवला. "मास्तर, आता दामटा."

आणि मी दामटली. आयुष्यात एकदाच. कंबर वेगळी आणि मी वेगळा असं झालं होतं, पण दामटली.

गावात शिरलो तेव्हा गुरं घरी येत होती. आप्पांनी मागून घर दाखवलं. "तो ओटा, तिथे थांबवा." थांबवा! थांबवायचं कसं हे माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. ओट्यासमोरून मी एकदा गेलो, वळून परत आलो, पुन्हा गेलो. ओट्यावर पांढऱ्या मिशांचे एक बाबा बसले होते, ते मान फिरवून फिरवून आमच्याकडे बघत होते. दारात एक बाई, इंदूताईच असणार, उभी होती, तिने पदर तोंडाला लावला होता. तिसऱ्या खेपेला मी दोन्ही हात, दोन्ही पाय जे सापडेल ते दाबलं, आणि म्हैस अंगणातल्या गव्हाणीत तोंड खुपसून उभी राहिली. बैल दचकून मागे सरला.

आत थोरल्या सुनेने दिव्याच्या काचेवरून फडकं फिरवलं होतं आणि आता काडेपेटी हातात घेतली होती. मला ते स्पष्ट दिसलं. दौलतबाबांनी आम्हा दोघांकडे बघितलं, माझा कोट बघितला, आणि शांतपणे विचारलं, "मूळ घेऊन कोण आलं?"

आप्पा खाली उतरताना भोवळ येऊन चाकाशी बसले होते. ओठ सुकलेले, तोंडातून शब्द फुटेना. काडी पेटीवर टेकली. आता हे केव्हा बोलणार आणि तो दिवा केव्हा लागणार! मी ओरडलो, "मी! मी आलोय मूळ घेऊन! इंदूताईला न्यायला!"

"तुम्ही तिचे कोण?"

"भाऊ... भाऊच म्हणा."

"म्हणा कशाला?" दौलतबाबा म्हणाले. "भाऊ आहात का नाही?"

काडी पेटली होती. "आहे!" मी म्हणालो. "भाऊ आहे!"

दिवा लागला. दौलतबाबांनी मान डोलावली. "वेळेत आले. पाणी द्या पाव्हण्यांना."

मला काही कळायच्या आत माझ्या पायांवर पाणी पडलं, कपाळाला कुंकू लागलं, आणि इंदूताईने हसत रडत मला ओवाळलं. त्या घरची रीत अशी की तोंडाने ज्याने मूळ सांगितलं तो मुऱ्हाळी, आणि एकदा मुऱ्हाळी झाला की तो जन्माचा भाऊ. दरसाल लुगडं, दरसाल खेप. आप्पांना पाणी पाजून ओट्यावर टेकवलं तेव्हा त्यांनी उघड्या राहिलेल्या डोळ्याने माझ्या कपाळावरचं कुंकू बघितलं आणि इतके हसले, की सुजलेल्या डोळ्यातूनही पाणी आलं.

"फसले, मास्तर! पक्के फसले!"

दुसऱ्या दिवशी आप्पांचा डोळा किलकिला झाला. "एक डोळा माझा, एक इंदीचा," म्हणून त्यांनी बहिणीला मागे बसवलं, माझा गॉगल लावला आणि निघाले. इंदूताई पदर खोचून ऐटीत बसली होती. गल्लीतल्या बाया दारादारांत येऊन बघत होत्या, आणि आप्पा मुद्दाम गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरून आले. सगळ्यांना दिसायला पाहिजे ना! मग म्हैस गेली. आता मागे बहीण होती, पोत्याची गरज उरली नव्हती. मी एसटीने आलो. मांडीवर कुरडया-पापडांचा पत्र्याचा डबा, आणि मांडी म्हणजे तरी काय, एका पायावर उभा होतो. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "कोणाला आणायला गेला होता रे बाबा?"

"बहिणीला."

"मग बहीण कुठंय?"

"मोटारसायकलवर."

"आन् तू?"

"मी डब्याबरोबर."

म्हातारीने सगळ्या बसला ते सांगितलं.

डोकमर्डीच्या चाळीमागे आंब्याचं एक झाड होतं. आप्पांनी कारखान्यातून टाकाऊ दोर आणून त्याला झोका बांधला. कारखान्यांत कामाला आलेल्या धुळ्या-नंदुरबारच्या बाया गोळा झाल्या. त्यांतल्या कित्येकींना न्यायला कोणी आलेलं नव्हतं. इंदूताई झोक्यावर चढली, मग एकेक करून सगळ्या चढल्या, आणि गिरणीच्या भोंग्यावर ताण करतील अशा आवाजात गायला लागल्या. आप्पा भिंतीला टेकून उकिडवे बसून बघत राहिले. मला ते फार आवडले त्या वेळी. एका खोलीच्या त्या माणसाने बहिणीला आख्खं माहेर बांधून दिलं होतं.

पुढे दरसाल आम्ही गेलो. एक वर्ष लुगडं त्यांचं, एक वर्ष माझं. माझी कंबर बिघडत गेली आणि गाडी चालवणं सुधारत गेलं. शेळ्यांपुढे "होऽ हो हो" करायला मी शिकलो. शाळेत मात्र एकदा गडबडणाऱ्या वर्गाला तेच ओरडलो आणि मुख्याध्यापकांनी खुलासा मागितला.

नव्वद साल सरलं आणि आप्पांची छाती बिघडली. रुंद माणूस अंगातून ओसरत गेला. बोलताना धाप लागायची, त्यामुळे गुपितं सांगणं बंद पडलं आणि चाळ सुनी वाटायला लागली. डॉक्टरांनी मोटारसायकलवर बसायचं नाही असं बजावलं. तोवर दौलतबाबा गेले होते, नियम सैल झाले होते. इंदूताईच्या नवऱ्याने निरोप दिला, मीच बसमध्ये बसवून देतो, तुम्ही त्रास घेऊ नका. मीही म्हणालो, "आप्पा, मी एकटा जाऊन आणतो."

"ती ओट्यावर बसलेली असंल," आप्पा म्हणाले. "तिले दोघं पाहिजेत."

मी चालवली. आप्पा मागे. घाटात पहिल्या वळणावरच मला कळलं की म्हैस मागून उडतेय. तांदळाच्या पोत्याइतकंही वजन त्यांच्यात उरलं नव्हतं. मी फक्त विचारत राहिलो, "आप्पा?" "शे." खड्डा गेला, पुन्हा, "आप्पा?" "शे, मास्तर." त्या दिवशी मी इतका हळू गेलो की बैलगाड्यांनी आम्हाला मागे टाकलं. सांगताना लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

ओट्यावर इंदूताई बसलेली होतीच. आप्पांना बघून ती उठली, दोन्ही हातांनी त्यांचं तोंड धरलं आणि म्हणाली, "भाऊ, हाऊ काय हाल!" मग माझ्याकडे वळून मला झापलं. भावालाच झापतात तसं.

त्याच पावसाळ्यात आप्पा गेले. पुढच्या आखाजीला मी मागे तांदळाचं पोतं बांधून एकटा गेलो. इंदूताईने ओवाळलं, आणि डोकमर्डीला आल्यावर आप्पांच्या नावाची घागर भरली. तिने घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलं, मी शेजारी एक कांदा ठेवला. तिने तो उचलला नाही.

आजारातले आप्पा मला आठवत नाहीत, मी आठवू देत नाही. आप्पा म्हटलं की मला दिसतो तो साक्रीचा एसटी स्टँड, त्यांच्या त्या शेवटच्या खेपेचा. परतीच्या वाटेवर त्यांना बसने जायला आम्ही दोघांनी कसंबसं तयार केलं होतं. मुऱ्हाळ्यांनी आणि माहेरवाशिणींनी खच्चून भरलेली बस. खिडकीशी आप्पा, मांडीवर कुरडयांचा डबा दोन्ही हातांनी धरलेला, आणि शेजारी कोणीतरी म्हातारी त्यांना काहीतरी विचारत होती. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून तिला काय सांगितलं कोण जाणे, ती खो खो हसली. मी म्हशीवर, मागे इंदूताई. डोंगराकडून काळे ढग चढत होते.

बस हलली. आप्पांनी खिडकीतून हात बाहेर काढला, बोट ओलं करून वर धरलं. भाता फाटलेल्या त्या छातीतून, सगळा दम गोळा करून ते ओरडले,

"मास्तर! आज काही पाऊस नही!"

इंदूताईने पिशवीतून छत्री काढली आणि बस दिसेनाशी होईपर्यंत ती तशीच बंद, छातीशी धरून बसून राहिली.